छकुलीचा पहिला प्रश्न

मी श्रवणयंत्र बोलतोय. कानामागे अडकवतात ते. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. आवाज घ्यायचा, मोठा करायचा आणि कानात सोडायचा, एवढंच मला येतं.

छकुली दोन वर्षांची असताना मी तिच्याकडे आलो. तिचे बाबा शिंपी. आई त्यांच्याच दुकानात काजं-बटणं करायची. डॉक्टरांनी मला तिच्या कानावर बसवलं, तेवढ्यात बाहेर कुणीतरी दार आपटलं. तिने मान वळवली.

"ऐकलं! हिने ऐकलं!" बाबांचे डोळे भरून आले.

पण दार आपटणं वेगळं आणि बोलणं वेगळं. आई तिला मांडीवर घेऊन दिवसभर बोलत राहायची. "हा दोरा. हे बटण. ही कात्री, हात नाही लावायचा हं, बाऊ होईल." एकेक अक्षर मी जीव तोडून पुढे ढकलत होतो. तिच्यापर्यंत पोचायची ती नुसती घरघर. शेजारची तिच्याच वयाची पोरगी "मला नको, तू जा" म्हणायला लागली होती. छकुलीला काय हवंय तेच सांगता यायचं नाही. मग ती मला ओरबाडून फेकायची आणि जमिनीवर डोकं आपटायची.

छकुलीला बोलायला शिकवणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "यंत्र राहू द्या. पण हिला खुणांची भाषाही द्या. भाषा कानातून आली काय नि डोळ्यांतून आली काय, लेकराला सारखीच. उशीर मात्र करू नका."

"हातवारे शिकली तर तोंड उघडायचीच नाही," बाबा म्हणाले. "मुकी म्हणून शिक्का बसेल."

"अहो, आत्ता तरी कुठे बोलतेय?" आई एवढंच म्हणाली आणि दुपारची छकुलीला घेऊन खुणा शिकायला जाऊ लागली. तिथे शिकवणारी ताई स्वतः बहिरी होती.

आधी छकुली नुसतीच बोटं चाळवायची. तान्ही बाळं बबब करतात ना, तसं. मग एकदा आईने तिला उचलून गोल फिरवलं आणि खाली ठेवलं, तर तिने हात जुळवून खूण केली: 'पुन्हा.' तो तिचा पहिला शब्द. त्या दिवशी आईचे हात भरून आले, पण फिरवणं थांबलं नाही.

मग शब्दाला शब्द जोडले गेले. 'बाहुली झोप.' 'दूध नको.' कात्रीची खूण कळल्यावर तिने कावळ्याच्या चोचीलाही कात्री ठरवलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बाबांची भिस्त अजून माझ्यावरच होती. रोज संध्याकाळी ते मला नीट बसवायचे आणि तिच्यासमोर वाकून म्हणायचे, "बा-बा. म्हण, बा-बा."

असंच एकदा छकुलीने त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहिलं. मग आईकडे वळून भराभर हात हलवले. आईचा चेहरा उतरला.

"काय म्हणतेय?"

"काही नाही हो."

"सांग ना."

"विचारतेय... बाबांना बोलता का येत नाही?"

बाबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "'मला शिकव' कसं म्हणायचं?"

आईने दाखवलं. सुईत दोरा सहज ओवणारी त्यांची बोटं अडखळली. छकुली पुढे झाली, तिने ती बोटं एकेक करून सरळ केली आणि मान हलवली: असं.

आता छकुली शाळेत जाते. घरी तिघांच्या गप्पांत ताटातलं जेवण निवतं. माझा आवाज खरखरतो, कवच तडकलंय. ओल शोषणाऱ्या पुडीसोबत मी एका डबीत पडून असतो. तिच्यापर्यंत एक तरी शब्द पोचवायची माझी इच्छा राहूनच गेली. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर मला जरूर आणा. माझ्यामुळे कितीतरी मुलं ऐकतातही. पण माझ्या भरवशावर त्याला बिनभाषेचं बसवून ठेवू नका. आवाज मी मोठा करू शकतो. गेलेली वर्षं मला परत आणता येत नाहीत.