बायनाबाईची हाक

रिना आमच्याच गावची. नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात शिकली आणि परत आली ती डोक्यात खूळ घेऊनच. गावातल्या जुन्या किल्ल्याच्या भिंतीवर म्हणे घरागणिक एक दिवा लावायचा आणि घरागणिक एक हाक वाजवायची. तुम्ही आपल्या माणसाला, बैलाला, कोंबडीला कशी हाक मारता, ती. हाक वाजली की त्या घरचा दिवा पेटणार. पंधरा दिवस पोरगी मोबाईल आणि माईक घेऊन दारोदार फिरली. माझ्याकडून तिनं ‘ओ धनराजचे बाबूजी, जेवाले याऽऽ’ एवढं घेतलं. तळ्यात जाळं टाकून बसलेल्या नवऱ्याला मी तीस वर्षं असंच बोलावते, आणि तीस वर्षं तो पहिल्या हाकेला येत नाही.

गंमत वाटत होती तोवर ठीक होतं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी किल्ल्याकडून जात होते. रिना वायरी जोडत होती. मी सहज विचारलं, बायनाबाईनं काय दिलं गं?

“त्यांनी त्या दिवशी मारली तीच हाक पुन्हा मारून दिली, काकू. मुखरूबाबाले वाघानं नेलं त्या दिवसाची. आन् म्हने, त्याच्यापुढं थोडी जागा खाली ठेव. काही वाजवू नको.”

ते ऐकून मी तिथेच थबकले.

का, ते सांगते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. धान लोंबीवर आलं होतं. बायनाबाईची बांधी, म्हणजे धानाचं शेत, आणि माझी बांधी यांच्यामध्ये एक नाला आणि थोडी झुडपं. दुपारी मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, डबा सोडून बसले होते. पलीकडून हाक आली, “हाऽऽऽ! हाऽऽऽ!” आमच्याकडे रानडुकरं हाकायची तर असंच ओरडतात, आणि एका बांधीतून हाक आली की दुसरीतून ओ द्यायची रीत आहे, म्हणजे जनावर इकडे वळत नाही. मीही बसल्याबसल्या ओ दिली, “होऽऽऽ! हुर्रऽऽ!” आणि जेवले. भात आणि सुकटीची चटणी. दुसरी हाक आली, तिसरी आली. बाईच्या बांधीत आज फारच डुकरं घुसली, म्हणून मी हसलेसुद्धा.

ती डुकरं नव्हती. गवत कापायला वाकलेल्या तिच्या नवऱ्याला, मुखरूभाऊंना, वाघानं धरलं होतं आणि बायनाबाई हातात विळा घेऊन त्याच्यावर ओरडत होती.

नंतर ती ज्याला त्याला सांगायची, “कोणीतरी ओ देल्ली होती. मले वाटलं, कोणी येऊन राह्यलं.” लोक म्हणाले, घाबरलेल्या माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. तिचा दीर देवराव तर चारचौघांत म्हणाला, बाई बिथरली. आणि मी? तिच्या शेजारी बसून, तिच्या पाठीवर हात फिरवत मी म्हणाले, “भास झाला असंन, बायनाबाई.” हा तोच हात, ज्यानं मी त्या दिवशी भात कालवला होता. तेव्हापासून तिच्या घरचा चहा मी अर्धाच ठेवून उठते. ती म्हणते, साखर कमी पडली का?

मी रिनाला म्हटलं, “ती हाक काढून टाक. लोक भेतीन. पळापळ होईन.”

“काकू, त्यांनीच सांगतलं. मी कशी काढू?”

“मंग मी येत नाई.”

“काऊन?” ती माझ्याकडे बघायला लागली तशी मी काढता पाय घेतला.

घरी डोकं दुखतं म्हणून पडून राहिले. पण नवरा, मनसाराम, कुठला ऐकतो! “पूरं गाव जाऊन राह्यलं, तू काऊन घरी? तुया आवाज मले किल्ल्यावरून आयकाचा हाये,” म्हणाला. तीस वर्षांत बायकोचं कौतुक सुचलं ते नेमकं त्याच दिवशी.

सात वाजता किल्ल्यापुढे सगळं गाव सतरंज्यांवर बसलं होतं. बायनाबाईनं मला बघून हात केला. तिनं आपल्याजवळ माझ्यासाठी जागा धरली होती. पाठीमागे देवराव, त्याची सून, पोरंबाळं. मी जाऊन बसले.

एकेक हाक वाजायला लागली. कुणी कोंबड्यांना ‘टीटीटी’ करत होतं, कुणी म्हशीला शिव्याच देत होतं. लोक पोट धरून हसत होते. माझी हाक आली तेव्हा मनसारामनं पहिल्याच हाकेला ‘आलो, आलो!’ म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. मला हसू आलं नाही. मी भिंतीवरचे न पेटलेले दिवे मोजत होते. सात. सहा. पाच.

मग बुरुजाच्या उजवीकडचा दिवा लागला.

“हाऽऽऽ! हाऽऽऽ!”

आवाज तोच. नाल्यापलीकडून आला होता तसाच. आणि लोक काय करत होते? हसत होते! “डुकरं घुसली!” कोणीतरी मागून म्हणालं. पोरं ‘हुर्र हुर्र’ करायला लागली. सगळं गाव तेच करत होतं जे मी केलं होतं. बायनाबाई मान वर करून भिंतीकडे बघत राहिली.

हाक संपली. दिवा तसाच पेटलेला. पुढे रिकामी जागा. हळूहळू पोरंही गप्प झाली, सगळ्यांना वाटलं मशीन अडकलं. मला मात्र ठाऊक होतं त्या जागेत काय बसतं. माझ्याशिवाय ते कोणाजवळ नव्हतं. गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं, कधीच नाही. एवढं सोपं होतं ते.

मी ओ दिली.

“होऽऽऽ! हुर्रऽऽ!”

किल्ल्यावर आदळून ती परत आली. मनसाराम चमकून माझ्याकडे बघायला लागला. बायनाबाई मात्र आधी मागे वळली. दिराकडे.

“आयकलं न, देवराव? हेच. हेच होतं. मी बिथरली नोती.”

देवरावानं मान खाली घातली. मग ती माझ्याकडे वळली. माझा चेहरा असा बघितला की जणू तो तिनं याआधी पाहिलाच नव्हता.

“तू होती?”

“हो, बाई. मीच होती.”

“मंग आली काऊन नाई, रंभे?”

या प्रश्नाला उत्तर म्हणून दोन वर्षांत मी मनातल्या मनात काय काय रचून ठेवलं होतं. नाल्याला पाणी होतं, पायात काटा होता. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

“डुकरं समजली वो मी. जेवत होती.”

पुढची हाक वाजली. रिनानं घाईघाईनं ती बंद केली. मुखरूभाऊ गेले तेव्हाही न रडलेली बायनाबाई सगळ्या गावादेखत मोठ्यानं रडायला लागली. मी तिच्याकडे हात केला. तो तिनं धरला नाही, झटकलाही नाही. तिचं काय ते ठरेपर्यंत मी तो तसाच पुढे करून बसले.