भादरलेला सरपंच

शपत घेऊन सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय. खोटं आसंल तर तोंडात उरल्याले चार दात ह्या घडीला पडू द्यात, आन् पुढच्या जन्मी मला उसाच्या कारखान्याचं धुराडं करा, दिसरात धूर वकत उभी ऱ्हाईन.

तर पाटसला खुर्शिद नावाची बाई ऱ्हाती. म्हशी भादरायचं काम करती. म्हंजी म्हशीच्या आंगावरची राठ केसं कातरीनं मुळापत्तूर काढायची आन् वरनं करडीचं तेल चोळायचं. मंग म्हस आशी चकाकती, की तिच्या पाठीत बघून मानसानं भांग पाडावा. हे काम मूळचं तिच्या मालकाचं, इमामचं. इमामची कातर चालाय लागली की म्हशी उभ्याउभ्या झोपायच्या. एक तर घोरायची, आन् ते घोरणं वरवंडपत्तूर ऐकू यायचं. तवा खुर्शिद नुसती म्हशीचं तोंड धरायची, आन् इमामनं कातर खाली ठिवली की तेल चोळायची. इमाम गेला, तशी तिनं कातर उचलली. बाईमानूस म्हशी भादरणार म्हणून लोकं हसली. मंग तिच्या हाताखाली म्हशी गप उभ्या ऱ्हायल्याल्या बघितल्या, तशी लोकंबी गप झाली.

पर म्हशीच कमी झाल्या. ज्यानं त्यानं जर्सी गाया आणल्या, आन् गाईला काय भादरायचं? शेवटी मोठी दावण ऱ्हायली ती भांडगावच्या मारुतरावांची. बारा म्हशी. दोन महिन्यातनं एकदा खुर्शिद एसटीनं जायाची आन् तीन दिस राबायची. ती दावण गेली तर तिच्या हाताला दुसरं काम न्हवतं. हे तिला म्हाईत व्हतं, आन् मारुतरावांनाबी म्हाईत व्हतं.

आता कुत्र्याचं सांगते. मारुतराव सरपंचकीला उभं ऱ्हायलं आन् त्यांच्याच भावकीतल्या नवनाथनं त्यांना सात मतांनी पाडलं. त्याच महिन्यात त्यांचा ल्योक सत्यजीत घरी कुत्रं घिऊन आला. सत्यजीत कुरकुंभला एका कंपनीत शिफ्टला जातो. तिथल्या कुठल्याशा सायबाची बदली झाली, त्यानं जाताना ह्याला दिलं. बर्फातल्या मुलखातलं कुत्रं, हस्की म्हणत्यात त्या जातीचं. पांढरंफेक आंग, निळं डोळं, आन् केस तर इतकं, की एक खुडूक कोंबडी त्यात शिरली ती एकवीस दिसांनी पिल्लं घिऊनच भाईर आली. मारुतरावांनी कुत्र्याचं नाव ठिवलं सरपंच.

मंग काय, रोज सकाळी आख्ख्या आळीला ऐकू जाईल आसं चालायचं. "ए सरपंच, कुणाच्या दारात घाण करून आलास रं?" "सूनबाई, सरपंचाला शिळी भाकरी टाका, लई शेपूट हालवतोय."

सत्यजीत व्हता तवर कुत्र्याचं बरं व्हतं. ड्युटीवरनं आला की लोखंडी फणी घ्यायचा आन् अर्धा अर्धा तास विंचरत बसायचा. कुत्रं डोळं मिटून पडायचं. पर ह्या सालाला कंपनीत मानसं कमी केली. आठ तासाची ड्युटी बारावर गेली, कधी सोळावर. त्याची बायको अनिता, तिच्या मांडीला तान्हं लेकरू. फणी खुंटीला लागली. चार महिन्यात ते केस एकात एक गुतून त्याचा घोंगडीवानी घट्ट नमदा झाला. आत गोचिडं झाली, वास सुटला. नवनाथ पारावर बसून म्हणायचा, "मारुतआबांच्या सरपंचाला कुणीतरी आंघोळ घाला रं. पाणी कमी पडत आसंल तर ग्रामपंचायतीचा टँकर धाडतो." आन् पार हसायचा.

एप्रिलचा महिना व्हता. खुर्शिद म्हशींसाठी सकाळच्या पहिल्या गाडीनं आली, तर मारुतराव वट्यावर वाटच बघत व्हतं.

"खुर्शिदबी, म्हशी ऱ्हाऊ द्या. आधी सरपंच भादरा."

"कुत्रं म्या कधी भादरलं न्हाई, आबा."

"म्हशीला चार पाय, ह्यालाबी चारच हायत. आज दोन वाजता नवनाथ येतोय, त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. भावकी हाय, हातानं द्यावी लागती. येऊ दे. त्याला फाटकातच हा सरपंच दिसला पायजे, एकदम चकाचक."

खुर्शिद कुत्र्याम्होरं बसली. त्यानं तिचा हात हुंगला आन् सरळ तिच्या मांडीवर डोकं ठिवलं. तिनं नमद्यात बोटं घातली. वर लांब राठ केस, आन् त्याच्या खाली दुसरा थर, पिंजल्याल्या कापसावानी. ऊन चढलं व्हतं. वरचा केस हाताला तापल्याला लागत व्हता, आन् आत कातड्यापशी बोट गेलं तर तिथं गार. ती वाईच थांबली. पुन्यांदा बोट घालून बघितलं. गारच.

"अनिता, ह्याची फणी आण गं."

अनितानं फणी दिली. खुर्शिदनं एका गाठीत कातरीचं टोक घालून ती उभी चिरली, फणीनं सोडवली. अर्ध्या तासात ओंजळभर केस निघाला, आन् तेवढी जागा मोकळी झाली.

"आबा, हे आसंच करावं लागंल. गाठी चिरायच्या, विंचरायच्या. तीन दिस लागत्याल. पर मुळापासनं न्हाई काढायचं. हा केसच ह्याची सावली हाय."

"तीन दिस? नवनाथ काय तीन दिस फाटकात उभा ऱ्हाणार हाय?"

"ही म्हस न्हाई, आबा. म्हशीला आपन डबक्यात सोडतो."

"मामंजी, मावशी म्हणत्यात ते—" अनिता बोलाय लागली.

"तू लेकराकडं बघ." मारुतराव खुर्शिदकडं वळलं. आवाज चढवला न्हाई. "जमत नसंल तर तसं सांगा, बी. दौंडचा एक पोरगा लाइटवरची मशीन घिऊन फिरतो. बारा म्हशी एका सकाळात करीन म्हणत व्हता. तुमच्याकडं बघून त्याला माघारी लावला."

 खुर्शिदनं फणी अनिताच्या हातात दिली आन् कातर उचलली.

दोन तास लागलं. नमदा आख्खाच्या आख्खा निघाला, मेंढराच्या कातड्यासारखा. जवारीच्या दाण्याएवढी गोचिडं पटापटा खाली पडली, ती अनितानं चपलीनं चेंगारली. काखंत, मानेखाली चट्टं पडल्यालं. कुत्र्यानं एकदाबी दात दाखवलं न्हाई. कातर पोटाखाली गेली तवा उगी पाय वर करून दिला. केसांचा ढीग इतका झाला, की तिकडनं आल्याली शेळी त्याला वळसा घालून गेली.

"मावशी, सरपंचाच्या जावयाला गादी व्हईल," अनिता म्हणाली.

"आन् उशाबी," खुर्शिद म्हणाली. दोघी वाईच हसल्या.

मंग खाली काय उरलं ते दोघींनी बघितलं. उंदराच्या नव्या पिल्लावानी गुलाबी कातडं. बरगड्या मोजून घ्याव्यात. एवढं मोठं दिसायचं ते कुत्रं, आत निम्मंबी न्हवतं. थरथरत उभं ऱ्हायलं आन् आपल्याच आंगाकडं बघाय लागलं.

आन् तिथं खुर्शिदचा हात चुकला. उभ्या जन्मात कातर खाली ठिवली की तिचा हात तेलाच्या बाटलीकडं गेल्याला. इमाम कातरायचा तवाबी तेल तीच चोळायची. डोकं ईचार करायच्या आधी हातानं बाटली उपडी केली. पाठीला, पोटाला, मांड्यांना, ओंजळ ओंजळ तेल चोळलं. कुत्रं चकाकाय लागलं.

"आस्सं," मारुतराव म्हणालं. "आता दिसतोय सरपंच."

"सावलीला बांधा, आबा. गोठ्यात, वल्या जागंवर."

"व्हय, व्हय. तुम्ही म्हशी धरा आता."

गोठा घराच्या मागं. खुर्शिदनं पहिली म्हस केली, दुसरी केली. कुत्रं गोठ्यात आणलं न्हाई, हे तिच्या ध्यानात आलं व्हतं. तिला वाटलं, घरात घेतलं आसंल, फरशीवर. उठून बघावं आसं एकदा मनात आलं. म्हस अर्धी झाल्याली, तिला तशीच सोडून कसं जायाचं म्हणून ती बसली. हे बसणं तिनं पुढं लई दिस उगाळलं. चौथी म्हस अर्धी झाली आन् अनिता धावत आली. लेकराला पाजता पाजता तिचा डोळा लागला व्हता.

"मावशी, ते फाटकाला हाय. उठंना."

मारुतरावांनी त्याला फाटकाच्या लोखंडी खांबाला बांधलं व्हतं. येणाऱ्याला पयलं त्येच दिसावं म्हणून. डोक्यावर ना झाड ना पत्रा. बारा वाजल्यापासनं आन् आता दोन वाजून गेल्यालं. पाण्याची वाटी पायानं लवंडल्याली. गुलाबी कातडं लालबुंद झालं व्हतं, पाठीवर फोड आल्यालं, आन् तेल त्या फोडांवर चुरचुरत व्हतं. जीभ मातीत पडल्याली. छातीचा भाता नुसता चालत व्हता.

दोघींनी त्याला उचलून गोठ्यात आणलं, मागनं मारुतरावबी आलं. गोणपाटं भिजवली, आंगावर टाकली. तोंडात पाणी सोडलं ते कडंनं गळून गेलं. अनितानं जनावराच्या डॉक्टरला फोन लावला. तो यवतकडं गेल्याला, पाच वाजत्याल म्हणाला.

आशात नवनाथ आला. हातात पत्रिका, कपाळाला टिळा. गोठ्याच्या दारातनं म्हणाला, "काय आबा, तुमचा सरपंच आडवा झाला जणू." कुणी हसलं न्हाई. मंग तो जवळ आला. बघितलं. खांद्यावरचा नवा टॉवेल काढला, हौदात बुचकाळला, आन् कुत्र्याच्या डोक्यावर धरून उकिडवा बसला. मारुतराव लांब खुर्चीवर बसून ऱ्हायलं. अर्ध्या पाऊण तासानं कुत्र्यानं पाय ताणलं, आन् भाता थांबला. नवनाथनं टॉवेल तिथंच ऱ्हाऊ दिला. पत्रिका खुर्चीच्या हातावर ठिवली आन् येतो म्हणून गेला.

तो गेल्यावर मारुतराव उठलं.

"सत्यजीत साडेचारला येईल," ते म्हणालं. "साप चावला म्हणायचं. बी, तुम्ही साप बघितला. सूनबाई, तू काय बघितलं न्हाई, तू झोपली व्हतीस."

अनितानं मान खाली घातली.

"आबा—"

"म्हशी कुठं पळून चालल्यात? बाराच्या बारा तुमच्याच हायत, बी. मी हाय तवर."

खुर्शिद गोणपाटापशी बसून ऱ्हायली. तिला पाटसची खोली दिसली, रिकामा डबा दिसला. सापाचं बोललं तर कुणाचंबी काय जात न्हवतं. कुत्रं तर गेल्यालंच. पोराच्याबी जिवाला साप बरा, सापावर राग धरता येत न्हाई. तिनं हे सगळं नीट ईचार करून ठरवलं, आन् व्हय म्हणायचं पक्कं केलं.

कंपनीची बस थांबली. सत्यजीत आला तो गळ्यात वळखपत्र, डोळं जाग्रणानं सुजल्यालं. गोठ्यात आला. त्याला पयल्यांदा कळलंच न्हाई की ते काय पडलंय. मंग तो खाली बसला आन् त्यानं गोणपाट उचललं.

"साप," मारुतराव म्हणालं. "बींनी बघितला."

सत्यजीतनं कुत्र्याच्या पाठीवर हात ठिवला, आन् हात वर करून बघितला. तेलकट. त्यानं खुर्शिदकडं बघितलं.

"कसला साप व्हता, मावशी?"

तिनं सांगाय तोंड उघडलं. साप मनात तयार व्हता, काळा, हातभर. पर पोराच्या हाताला तिचंच तेल लागल्यालं.

"साप न्हाई," ती म्हणाली. "केस म्या मुळापासनं काढलं. तेल म्या चोळलं. उन्हात तळलं ते."

"उन्हात कुणी बांधलं?"

 म्हशी तेवढ्या रवंथ करत व्हत्या. सत्यजीतनं येताना फाटक बघितलं व्हतं, आन् खांबाची साखळीबी.

"बी," मारुतराव म्हणालं, "उद्यापासनं येऊ नका."

खुर्शिदनं कातर धुतली, फडक्यात गुंडाळली. चौथी म्हस अर्धीच भादरल्याली, एक बाजू चकाकती, एक राठ. हौदावर तिनं राख घिऊन हात घासलं, पुन्यांदा घासलं, तरी तेल जाईना. अनितानं दारातनं बघितलं, भाईर आली न्हाई. खुर्शिद फाटकातनं भाईर पडली, तवा सत्यजीत तिच्या मागनं आला आन् म्हणाला, "मावशी, तुमची चूक न्हाई." मंग ती हायवेला गेली आन् पाटसच्या गाडीची वाट बघत थांब्यावर बसली. त्यानंतर तिनं कुणाची म्हस भादरल्याचं म्या ऐकलं न्हाई.

आता शपत घेतल्याली हाय म्हणून सांगते. ह्यात एक गोष्ट माझ्या पदरची हाय. कोंबडीची न्हाई, ती खरी. 'तुमची चूक न्हाई' आसं सत्यजीत बोललाच न्हाई. तो फाटकापत्तूर आला व्हता, एवढं खरं. त्यानं खांबाची साखळी सोडली, गुंडाळून हातात घेतली, आन् तिच्या मागं फाटक लावून घेतलं.