कपाळावरचा भंडारा

मित्रांनो, मी एक जुनी निगेटिव्ह आहे. नाक मुरडू नका. तुमच्या घरी भिंतीवर ऐटीत बसलेले फोटो माझ्यासारखीच्याच पोटातून निघालेत. त्यांना हार आणि आम्हाला खोकं! जग असं उफराटं, आणि उलटी म्हणून नावं मात्र मला ठेवतात.

माझा जन्म नव्वद साली रहिमतपूरला, मधुच्या स्टुडिओत झाला. जतकडचा बिराप्पा धनगर शेतात मेंढरं बसवायला इकडे आला होता. डोक्याला पांढरा पटका, कपाळभर बिरोबाचा भंडारा, अशा थाटात तो कॅमेऱ्यापुढे बसला. मधुने मला धुऊन, वाळवून उजेडाला धरलं, तर काळासावळा बिराप्पा माझ्यात गोरापान आणि पटका कोळशासारखा! त्याची बायको बनाबाई तोंडाला पदर लावून हसली. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

माझ्यावरून एक फोटो निघाला आणि मी पडले माळ्यावर. पुढे ग्रहणाच्या दिवशी मधुच्या पोरांनी मला डोळ्यांपुढे धरून सूर्य बघितला. काय ही अक्कल! त्यांच्या डोळ्यांना धोका आणि माझ्या अंगावर ओरखडा.

मग मधुने कॉम्प्युटर घेतला आणि त्याचे पाय जमिनीला लागेनात. "आता निगेटिव्ह कोण विचारतो? सगळं फाइलमध्ये!" असं म्हणून त्याने आमचं खोकं भंगारवाल्यासाठी दाराशी काढून ठेवलं. तेव्हा मी त्याला मनात काय काय म्हटलं ते सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

त्याच आठवड्यात बनाबाई आली. बिराप्पा वारला होता आणि लेकीचं, मायाचं, लग्न तोंडावर आलं होतं. बाप नाही, तर निदान बापाच्या फोटोच्या पाया पडून पोरीनं बोहल्यावर चढावं, एवढीच तिची इच्छा. पण तो एकुलता एक फोटो चुलीच्या धुराने पार पिवळा पडला होता. मधुने तो स्कॅनरवर पालथा घातला, फाइल केली आणि हात धुऊन त्या फाइलीच्या मागे लागला. गाल गोरे केले, कोट चढवला, टाय बांधला. कपाळावर डाग दिसला, तोही पुसला. अरे, गोराच हवा होता तर मलाच टांगायचं होतं भिंतीला!

बनाबाई त्या नव्या फोटोकडे बघतच राहिली. "ह्यो कोन?"

"अहो मावशी, बिराप्पाच की! कपाळावरचा डागसुद्धा काढलाय बघा."

"डाग? आरं, त्यो देवाचा भंडारा हुता! पुसलास व्हय रं? ह्या सायबाच्या पाया पडून काय करल माजी पोर?" तिला रडू फुटलं. मग डोळे पुसत म्हणाली, "तवा तू एक काळी फिलीम उजेडाला धरून दावली हुतीस. ती कुटं हाय?"

मधुचा चेहरा पडला. भंगारवाला नुकताच खोकं घेऊन गेला होता. हा फाइलवाला पंडित दुकान उघडं टाकून बाजारपेठेतून धावत सुटला आणि हातगाडीत डोकं खुपसून आमचं खोकं उपसू लागला. मी अगदी तळाशी होते. म्हटलं, शोध आता!

दुपारी अंधाऱ्या खोलीतली जळमटं झाडून त्याने माझ्यावरून नवा फोटो काढला. औषधाच्या पाण्यात कागदावर आधी मिशा उमटल्या, मग डोळे, आणि सावळ्या कपाळावर लख्ख भंडारा. गालावर ग्रहणाचा ओरखडाही आला. तो मात्र मधुने पुसला नाही.

"व्हय, ह्योच," बनाबाई म्हणाली आणि मलाही मागून घेऊन गेली.

लग्नाच्या दिवशी मी चौकटीत त्या फोटोच्या पाठीशी होते. हळदीने माखलेली माया वाकली आणि तिने काचेला कपाळ टेकलं. काचेवर पिवळा ठसा उठला, नेमका बापाच्या कपाळावर. करवली पदराने पुसायला धावली, तशी बनाबाईने तिचा हात धरला.

"पुसू नगं. ऱ्हाऊ दे."

मित्रांनो, नव्या फाइली खुशाल करा, पण मूळ फेकू नका. आणि डाग पुसायला निघालात, तर आधी घरच्या माणसाला विचारा.