सरासरी वडील

तात्यांना जाऊन महिना झाला, त्या मंगळवारी भावना संशोधन केंद्राने हेमांगीच्या घरी सरासरी वडील पाठवले.

ते रिक्षाने आले. आईने दार उघडलं तेव्हा ते पायपुसण्यावर उभे राहून पाय पुसत होते. चपला त्यांनी भिंतीशी एकमेकींना जोडून ठेवल्या. तात्यांच्या चपला उभ्या जन्मात कधी शेजारी शेजारी राहिल्या नव्हत्या. एक दारात, तर दुसरी नळापाशी.

"या," आई म्हणाली. "चहा टाकते."

दिसायला ते वाईट नव्हते. केंद्राच्या अभ्यासात जेवढ्यांनी भाग घेतला होता तेवढ्या सगळ्यांच्या वडिलांची बेरीज करून, भागून ते तयार झाले होते, त्यामुळे काही गोष्टी त्यांच्यात अर्ध्यामुर्ध्या होत्या. मिशी होती, पण पेन्सिलीने काढून खोडल्यासारखी. चष्मा एका बाजूने दिसे, दुसऱ्या बाजूने दिसत नसे. कुणाच्या तरी वडिलांचा डावा हात कारखान्यात गेला होता, म्हणून यांचा डावा हात उजव्यापेक्षा किंचित फिका होता. त्यांना दोन पूर्णांक तीन दशांश मुलं होती. हेमांगीकडे बघून झालं की ते तिच्या पाठीमागे, जरा खालच्या बाजूला, उरलेल्यांना शोधत.

"जेवलीस का?" त्यांनी तिला विचारलं.

तात्यांनी हा प्रश्न तिला कधीच विचारला नव्हता. ते तिच्या ताटातलं भजं उचलायचे. ती जेवते आहे हे त्यांना तेवढ्यावरून कळायचं. तात्या शाळेत भूगोल शिकवत. स्वतःच्या ताटात ते भाताचं पठार करत, त्यात बोटाने खोरं पाडत आणि वरण ओतून गोदावरी वाहती करत. नदी भलतीकडे वळली की भात गिजगोळा झाला म्हणून आईवर ओरडत. सरासरी वडिलांनी त्या दुपारी वरण-भात सगळीकडून सारखा कालवला, संपवला आणि ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.

आईने हेमांगीकडे बघितलं. "बघ," असं ती म्हणाली नाही, पण भुवयांनी म्हणालीच.

हेमांगीने पर्स उचलली आणि ती केंद्रात गेली.

तिथे ती एकदाच गेली होती, तात्यांचे दिवस संपल्यावर. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या तिच्या मैत्रिणीने आग्रह केला होता. "बोललं की मोकळं वाटतं गं. अभ्यास आहे त्यांचा, दुःखावर." डोक्यावर तारांची टोपी घातली गेली आणि पडद्याआडून एक आवाज प्रश्न विचारू लागला. वडील हसल्यावर कसे दिसतात, रागावल्यावर काय करतात, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारतात. हेमांगी गप्प बसली. पुस्तकांत मेलेल्या माणसांबद्दल ती तासन्‌तास बोलू शकत असे. तात्यांबद्दल तिचं तोंड उघडेना. आवाजाने प्रत्येक प्रश्नानंतर सभ्यपणे वाट पाहिली आणि शेवटी आभार मानले.

केंद्रातला कॉरिडॉर येणाऱ्याच्या रागाप्रमाणे लांबत असे. त्या दिवशी हेमांगीला पोचायला बराच वेळ लागला. टोकाच्या खोलीत डॉ. राजोपाध्ये बाई डबा उघडून बसल्या होत्या, पण अजून खायला सुरुवात केलेली नव्हती. पडद्याआडचा आवाज त्यांचाच होता.

"माझ्या घरी एक गृहस्थ आलेत," हेमांगी म्हणाली.

"हो ना. पोचले व्यवस्थित?"

"मी बोलावले नव्हते."

"तुम्ही वडिलांविषयी काहीच सांगितलं नाहीत. तिथे जागा गहाळ राहिली. गहाळ जागा ठेवून आमचं गणित पुढे सरकत नाही, मग तिथे आम्ही गटाची सरासरी भरतो. नवीन काही नाही यात, बसा ना."

"ती जागा गहाळ नाही. रिकामी आहे."

"मशीनला दोन्ही सारखंच."

"मला त्याने बरं वाटत नाहीये."

"वाटतंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मशीनचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर एक रेघ होती. कठड्याला धरून जिना उतरणाऱ्या माणसासारखी ती सावकाश खाली येत होती. "सकाळपासून तुमचं दुःख उतरतंय. किती छान उतरतंय बघा."

"ही माझी रेघ नाही."

"तुमच्या गटाची आहे. म्हणजे तुमचीच झाली की."

हेमांगी खुर्चीवर बसली. खुर्ची टेबलाला चिकटलेली होती, टेबल कपाटाला, कपाट दाराला. मागच्या वेळी या खोलीत बरीच जागा होती. जमिनीवर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढलेला होता. तो टेबलाखालून निघून भिंतीतून बाहेर जात होता.

"हा पट्टा कसला?"

"मर्यादेचा. सरासरीपासून जे फार लांब जातं ते याच्या बाहेर. ते आम्ही वगळतो."

"वगळतो म्हणजे?"

"मोजत नाही. मागे एक गृहस्थ गेले बाहेर. आता त्यांच्या बायकोला ते ओळखू येत नाहीत. त्यांचा काही त्रास नाही हो." बाईंनी डब्यातल्या भाजीचा वास घेतला. "आता काय होतं, जागा सरासरीने भरत गेलं की सगळी माणसं एकमेकांच्या जवळ येतात. मग पट्टाही आत सरकतो. तुम्ही जरा सांभाळून बसा. तुमचं कोपर बाहेर आहे."

हेमांगीने कोपर तिथेच ठेवलं. तिथपासून बोटांपर्यंत तिला मुंग्या आल्या.

"एखादं टोकाचं माणूस राहू दिलंत तर काय बिघडेल?"

"एकच पुरतं हो," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या जरा कावलेल्या दिसल्या. "एकाचाच आकडा अफाट असला तर तो बाकीच्यांची सरासरी आपल्याकडे ओढतो. मशीन येईल ते सगळं गिळतं, वगळायचं काम माणसाचं. म्हणून तर जेवणापुरतं सोडलं तर मी मशीनवरचा हात काढत नाही. आता मला जेवू द्या."

त्यानंतर घर बदलत गेलं. स्वयंपाकघर थोडं मोठं झालं, बैठकीची खोली थोडी लहान झाली, न्हाणीघर दोन्हींच्या मधोमध येऊन थांबलं. भिंती सकाळी पाहाव्यात तर बोटभर सरकलेल्या असत. कपाटातल्या हेमांगीच्या कादंबऱ्या एकाच जाडीच्या झाल्या. एका कादंबरीत शेवटी बाई विहिरीत उडी घेत असे. आता ती काठावर बसून शेंगा खात होती. पिवळा पट्टा गल्लीच्या तोंडाशी दिसू लागला, मग पिठाच्या गिरणीपाशी, मग त्यांच्या फाटकाबाहेर.

गल्लीत कुणाची तक्रार नव्हती. पेंढारकर काकू वाटीभर साखर परत द्यायला आल्या तेव्हा त्यांची उंची आईएवढीच झालेली होती.

"आमच्याकडे सासूबाई आल्या," त्या कुजबुजल्या. "सरासरी आहेत, पण खरं सांगू का हेमा, मूळच्यांपेक्षा पुष्कळ बऱ्या. काल मला म्हणाल्या, आमटी बरी झालीय. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं मी हे त्या घरात. मी गॅस बंद करायला विसरले."

"आणि मूळच्या?"

"कोण?" काकू म्हणाल्या.

त्या दिवशी हेमांगीने भिंतीवरच्या फोटोकडे नीट पाहिलं. फोटोतल्या तात्यांचा वाकडा दात सरळ झाला होता.

आई मेथी निवडत होती. समोर सरासरी वडील बसले होते आणि जुडीचा बरोबर अर्धा वाटा घेऊन निवडत होते.

"आई, फोटोतला दात बघितलास?"

"बघितला. शोभतो."

"हे तात्या नाहीत."

"मला काय भ्रम झालाय? कोण नाहीत ते मला पक्कं ठाऊक आहे." आईने एक काडी मोडली. "तुझ्या बापाने माझ्यावर ताट भिरकावलंय. तुझं लग्न जमत होतं तर मुलाच्या मामाला नकाशात नीरा नदी दाखवता येईना, म्हणून हा माणूस बैठकीतून उठून गेला. तुला त्याच्यासाठी झुरायचं तर झूर बाई. मला चार दिवस निवांत भाजी निवडू दे."

सरासरी वडील म्हणाले, "भांडू नका."

"तुम्ही मध्ये बोलू नका," हेमांगी म्हणाली. ते लगेच गप्प बसले. तात्या असते तर छत दणाणलं असतं. "आई, आणि आजीचं काय? आजी आजारी होती तेव्हा तात्यांनी तुला जाऊ दिलं नाही. घाटात दरड आहे म्हणाले. दरड नव्हतीच. ती गेली आणि तू त्यांच्याशी वर्षभर बोलली नाहीस. माझ्यामार्फत बोलायचात तुम्ही. ते सांग की यांना."

आईचे हात थांबले. तिने कपाळाला आठी घातली. हरवलेली किल्ली शेवटची कुठे पाहिली ते आठवावं, तशी ती बसून राहिली.

"भेटले की मी आईला," ती हळूच म्हणाली. "शेवटचं भेटले. बहुतेक भेटलेच. सगळ्याच भेटतात."

आणि ती पुन्हा मेथी निवडू लागली.

हेमांगी उठली. तात्या गेले हे तिने सोसलं असतं. दात सरळ झाला, तेही कदाचित सोसलं असतं. पण आईने वर्षभर गप्प राहून कमावलेला तो राग कुणी तरी पुसून, त्यावर सगळ्यांची मिळून एक सभ्य भेट लिहून ठेवली होती, आणि आईला ते कळतही नव्हतं. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस आता मेलेलाही नव्हता, तो कधी नव्हताच.

फाटकापाशी पिवळा पट्टा आता आतल्या बाजूला आला होता. ओलांडला असता तर प्रश्नच मिटला असता. आईला मुलगी राहिली नसती आणि आईला त्याचा त्रासही झाला नसता. हेमांगीने पट्ट्याला पायांचे अंगठे लावले आणि ती आतच उभी राहिली. डोक्यावर ऊन होतं. गल्लीत सगळीकडे ताटं वाढल्याचा आवाज येत होता. केंद्रातही आता डबे उघडले गेले असणार.

त्यांच्या घरात चारचौघांत रडायची रीत नव्हती. स्मशानातून आल्यावर ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती, आणि बादली भरल्यावर नळ बंद करून गप्प झाली होती. केंद्रातून निघताना आवाजाने विचारलं होतं, दुःख किती, एक ते सात, आणि तिने भिडेखातर चार म्हटलं होतं.

तिने तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग तिने हंबरडा फोडला.

त्याला गल्लीची लांबी पुरली नाही. पेंढारकरांच्या खिडकीच्या काचा थरथरल्या, गिरणीच्या चाकावरचा पट्टा निसटला, तारेवरची कबुतरं उडायचं विसरून पायीच पलीकडे गेली. हेमांगीने श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. त्यात शब्द नव्हते, शहाणपण तर नव्हतंच. पर्समधला फोन वाजला. तिने तो कानाला लावला.

"हेमांगीताई," राजोपाध्ये बाईंच्या तोंडात घास होता, "आवाज कमी करा. सगळ्यांची सरासरी हलतेय."

"जेवा तुम्ही सावकाश."

"अहो, एवढं दुःख कुणालाच नसतं. तुम्ही चुकताय."

"मग वगळा."

"हात खरकटे आहेत माझे!"

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि तिसऱ्यांदा ओरडली. पायाशी पिवळा पट्टा ताणला गेला, फाटकावरून उसळला, गटार ओलांडून, गिरणी ओलांडून लांब निघून गेला. घराघरांत चावणं थांबलं. ओळीने प्रत्येक घरात सरासरी वडिलांनी, सरासरी सासूबाईंनी, कुणाच्या तरी सरासरी नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला, तोंड उघडलं, आणि त्या तोंडांतून हेमांगीचा हंबरडा बाहेर आला. तो त्यांना पेलण्यासारखा नव्हता. आधी मिश्या गेल्या, मग चष्म्यांची दिसणारी बाजू गेली, मग फिके हात. सरासरी आता कुणालाच बसेना.

गल्लीतली दारं एकेक करून उघडू लागली. त्यांतून कुणी बाहेर येत नव्हतं. प्रत्येक दारात माणूस मावेल एवढी रिकामी जागा उभी होती. कुठे ती ठेंगणी होती, कुठे पोक काढलेली, आणि पेंढारकरांच्या दारातली तर कमरेवर हात ठेवून उभी होती. पेंढारकर काकू तिच्यासमोर पदर सावरत मुकाट्याने बाजूला झाल्या.

हेमांगीचा आवाज फाटला होता. ती आपल्या घराकडे वळणार, एवढ्यात आतून ताट आपटल्याचा आवाज आला.

"अहो," आई म्हणाली. मोठं भांडण सुरू करायच्या आधी ती ज्या आवाजात म्हणत असे, त्याच आवाजात. आणि उत्तराची वाट बघत थांबली.