मेणात राहिलेले बाबा

मी मेणाची एक वडी. हातात घेतलीत तर वापरून झिजलेल्या साबणाएवढी वाटेन. रुग्णालयाच्या तळघरात माझ्यासारख्या हजारो वड्या खणांमध्ये रचलेल्या आहेत. इथले लोक आम्हाला ब्लॉक म्हणतात. माझ्या पोटात एका रंगाऱ्याच्या जठराचा मोहरीएवढा तुकडा आहे.

हा रंगारी घरांच्या भिंती रंगवायचा. पोट दुखलं की ‘पित्त असेल’ म्हणत दिवस ढकलायचा. दुर्बीण घातली तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी तुकडा काढला, प्रयोगशाळेतल्या बाईंनी तो वितळलेल्या मेणात बसवला आणि माझा जन्म झाला. माझा एक पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली गेला आणि अहवालात कर्करोग असं लिहिलं गेलं. सात महिन्यांनी रंगारी गेला. मी खणातच राहिले, अकरा वर्षं.

जुन्या वड्या टाकून द्यायचं ठरलं, त्याच आठवड्यात त्याची मुलगी आली. ती शाळेची व्हॅन चालवते.

खोली सांभाळणारे काका म्हणाले, “दहा वर्षांच्या वरचं सगळं सोमवारी जाणार.”

“आज गुरुवार आहे,” ती म्हणाली. “आधी आजोबा गेले, मग बाबा, आता आत्या. तिघंही पोटाच्या कर्करोगाने. डॉक्टर म्हणतात, बाबांचा तुकडा मिळाला तर आमच्या रक्तातच काही आहे का ते कळेल.”

“नंबर?”

तिने घड्यांवर फाटायला आलेला अहवाल पुढे केला. नंबरचे शेवटचे दोन आकडे पुसले गेले होते.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “म्हणजे शंभर वड्या बघायच्या. त्याही खणाखणांत विखुरलेल्या.”

“बघू की.”

मुलांना शाळेत सोडलं की ती तळघरात यायची आणि शाळा सुटायच्या वेळी निघायची. आमच्या कडेला पेन्सिलीने बारीक नाव लिहिलेलं असतं. ती एकेक वाचत जायची. शनिवारी दुपारी मी तिच्या हाताला लागले. “बाबा,” ती एवढंच म्हणाली. काकांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

पहिली तपासणी वाया गेली. मी जुनी, आतलं सगळं विस्कटलेलं. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, “आता एकदाच कापता येईल. मग वडिलांचं काही उरणार नाही, बघा.”

“ठेवून तरी काय करू? कापा.”

पातं फिरलं. मी अंग आवरून घेतलं नाही.

दीड महिन्याने ती काकांना सांगायला आली. “आपल्या पेशींमध्ये रोज चुका होतात म्हणे, सगळ्यांच्याच. त्या दुरुस्त करायची सोयही आतच असते. बाबांची ती सोय जन्मापासून जरा अधू होती.”

“आणि तुझी?”

“माझीही. माझं रक्त तपासलं.”

काकांनी तिच्यासाठी पुन्हा खुर्ची ओढली.

“होणारच असं नाही, काका. इतरांपेक्षा शक्यता जास्त, एवढंच. दरवर्षी दुर्बीण घालून बघायचं. पोटात या रोगाला हातभार लावणारे जंतू सापडले, त्यांचं औषध चालू आहे. बाबांना उशिरा कळलं, मला वेळेत कळलंय. आता मी काही सोडत नाही.”

“तुला भाऊ आहे ना? त्यालाही हे असू शकतं. तो काय म्हणतो?”

“म्हणतो, गाडलेलं कशाला उकरतेस. माझा फोन उचलत नाही.” ती उठली. “उचलेपर्यंत करीन.”

त्यानंतर तीन आठवड्यांनी एक दांडगा माणूस दारात उभा राहिला, पण आत येईना. “ताई म्हणाली, बाबा इथे आहेत.”

काकांनी मला त्याच्या तळहातावर ठेवलं. कापून कापून पडलेल्या खळग्यावरून त्याने अंगठा फिरवला.

“एवढेसेच?”

“एवढेसेच.”

मग त्याने मला जपून टेबलावर ठेवलं. “रक्त कुठे द्यायचं?”

“दुसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताला.”

काकांनी मला टाकू दिलं नाही, मी पुन्हा खणात आहे. आतलं जवळजवळ सगळं संपलं, आता मेणच उरलंय. पण माझ्या आजूबाजूला हजारो जणी आहेत आणि त्यांची माणसं बाहेर कुठेतरी ‘पित्त असेल’ म्हणत दिवस ढकलत असतील. तुमच्या घरातली माणसं एकाच दुखण्याने एकामागून एक गेली असतील, तर नशिबाला बोल लावून बसू नका. येऊन विचारा. कापून घ्यायला आम्ही घाबरत नाही.