नळीवरची पट्टी

ह्यांनी व्हॅन आणली त्या दिवसापासून मला अंगणातली जमीन बघायची सवय लागली. सकाळी उठलं की आधी गाडीखाली वाकायचं, रात्रीतून काय गळलं ते बघायचं. काळा डाग असला तर इंजिनाचं तेल. त्याची मला तेवढी धास्ती नव्हती. हे म्हणायचे, "जुनी गाडी हाय, गळणारच. गळायचं थांबलं की समजावं, आत तेलच न्हाई." पण त्या शनिवारी डाव्या बाजूच्या मागच्या चाकाजवळ जो ओला डाग होता, तो काळा नव्हता. पातळ, पिवळसर होता. बोट लावून वास घेतला तर एरंडेलासारखा. कडेवरचा संघपाल माझं बोट तोंडात घालायला लागला, तशी मी ते घाईनं पदराला पुसलं.

"ब्रेकचं तेल हाय ते," हे खाली वाकून म्हणाले. "नळी चिरली असंल. आज करून टाकतो. उद्या येलदरीला जायचंच हाय."

येलदरीला नणंदेच्या, नर्मदाच्या मुलीचं बारसं होतं. तिचे यजमान दत्तराव तिथं वीजघरात नोकरीला. म्हणजे आमच्या चुडाव्याहून परभणी, तिथून जिंतूर आणि पुढं येलदरीचा उतार. तो उतार मी एकदाच पाहिला होता, एसटीतून. तेव्हा ड्रायव्हरनं पायातलं सगळं बळ लावलेलं मला आरशात दिसलं होतं.

"आपण एसटीनं गेलो तर?" मी म्हटलं.

"दारात गाडी उभी असताना? नर्मदीच्या सासरची माणसं काय म्हणतील?"

गाडी तरी कसली. कुठल्याशा सरकारी खात्यानं लिलावात काढलेली, दार दोरीनं बांधलेली, हातब्रेकचा दांडा नुसता शोभेला. पण ती मिस्त्रीकडं नेणं ह्यांना कमीपणाचं वाटे. हे पूर्णा जंक्शनला रेल्वेत फिटर. डब्यांचे ब्रेक हेच त्यांचं रोजचं काम. "अख्खी पॅसेंजर मी थांबवतो," म्हणायचे, "ह्या डबड्याचं काय?"

दुपारी त्यांनी मागचं चाक जॅकवर उचललं, खाली रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे दोन ओंडके सारले आणि पोतं अंथरून आत शिरले. मी संघपालला मांडीवर घेऊन जवळच बसले. काय लागेल ते द्यायला, असं मी म्हटलं. खरं तर ते ओंडके हलतात का ते बघायला. आठ महिन्यांचं मूल कुणी असं गाडीजवळ घेऊन बसतं का, म्हणून आत्याबाई, माझ्या सासूबाई, दारातून दोनदा ओरडल्या.

"ती पट्टी दे," आतून हात आला. कॅनव्हासची लांब पट्टी होती, सफेद्याच्या पांढऱ्या लेपात भिजवलेली. रेल्वेतूनच आणलेली. चिरलेल्या नळीवर ती पट्टी एकावर एक वेढे देऊन गुंडाळली, वरून सुतळी करकचून बांधली.

"ह्यानं थांबेल?" मी विचारलं.

"आग, आमच्या गाडीत असंच करतेत. बग, इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत एक नळी असती. तिच्यातली हवा इंजिन ओढून घेतं. हवा न्हाई तवर ब्रेक सुटा. हवा शिरली की ब्रेक लागला. आता नळीला चीर पडली, तिच्यावर ही पट्टी मारली, तर नळी पट्टीलाच आत ओढती. जेवढी ओढती तेवढी पट्टी घट्ट. महिना महिना हालत न्हाई."

हे बाहेर आले तेव्हा तोंडाला पांढरे ठिपके लागले होते आणि चेहरा खुशीत होता. मीही मान डोलावली. पण भांडी घासता घासता माझा हात थांबला. मी औरंगाबादेत बी.एस्सी. केलेलं, फिजिक्स घेऊन. त्यांची नळी हवा आत ओढते. ह्या गाडीत पाय दाबला की तेल आतून बाहेर रेटतं. मग पट्टीला धरून कोण ठेवणार?

परसातल्या पपईचा एक देठ मी तोडला. आतून पोकळ असतो. त्याला नखानं चीर पाडली, वर ओली चिंधी गुंडाळली, एक टोक बोटानं बंद केलं. हवा ओढली तर चिंधी चिरीला चिकटून बसली. फुंकली तर फुरफुर करत उचलली गेली. मी ते तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

ह्यांना नेऊन दाखवलं. सटवाजी भाऊजी, शेजारचे, रेल्वेत गँगमन, ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. ते हसायलाच लागले.

"मुंजाजीराव, वहिनीनं दवाखाना काढला बगा. पपईच्या देठाला पट्टी बांधायली."

हे हसले नाहीत. "ह्यात तेल हाय," म्हणाले. "हवेसारखं पळत न्हाई. तेल जाड असतं."

"जाड असलं तरी दाबल्यावर..."

"सुमन, मी ब्रेकचं काम सात वर्षं करायलोय."

त्यांनी चाक खाली उतरवलं, आत बसून पायडल दहा वेळा दाबलं आणि मला खाली बघायला लावलं. एक थेंबही नव्हता. "झालं समाधान?" मी हो म्हटलं. पण मधेच मान वर केली तेव्हा दाबताना त्यांचा गुडघा मला दिसला होता. तो कसा सावकाश, जपून हलत होता.

रविवारी सकाळी निघालो. पुढं हे आणि सटवाजी भाऊजी. त्यांना धरण बघायचं होतं. मागं आत्याबाई आणि मी, संघपाल माझ्या मांडीवर. मी मुद्दाम ह्यांच्या मागची जागा धरली. तिथून पाय दिसायचा. परभणीपर्यंत रस्ता सपाट. बैल आडवे आले की हे लांबूनच गिअर बदलून गाडी हळू करत. ब्रेकला पाय लावायचे, पण एकदा नाही, दोनदा. बोरीच्या पुढं तीनदा.

"तीनदा कामून दाबायलात?" मी विचारलंच.

"सवय हाय," हे म्हणाले.

"गाडी चालवणाऱ्याच्या पायाकडं बघती का कुणी बाई?" आत्याबाई म्हणाल्या. "रस्त्याकडं बग. न्हाईतर झोप जरा."

झोप कसली लागतेय. जिंतूरला हे चहाला थांबले. खाली उतरून त्यांनी पुढचं झाकण उघडलं आणि सीटखालची बाटली काढून ब्रेकचं तेल ओतलं, सहज, पाठ माझ्याकडं करून. चुडाव्याहून निघताना ती बाटली मी स्वतः फडक्यात गुंडाळून ठेवली होती. भरलेली होती. आता तेल निम्म्याच्या खाली होतं. मी मागच्या चाकाकडं गेले. चाकाच्या आतल्या बाजूनं एक ओली, चकचकीत रेघ खाली उतरली होती, तिच्यावर धूळ बसून चिखल झाला होता.

"अहो, गळतंय."

"थोडंबहुत गळणारच. दहा मैल राहिलं. तितं गेल्यावर दत्तराव आणि मी बघतो."

"मधे उतार आहे."

"उताराला मी गाडी पयल्या गिअरमधी घालतो. ब्रेकची गरजच न्हाई. चल, बस."

आणि मी बसले. आज त्याचंच नवल वाटतं. चहाच्या दुकानापुढं चार माणसं बघत होती, आत्याबाई आत बसून वाट बघत होत्या, आणि मी मूल घेऊन त्या गाडीत परत चढले. पुढच्या दहा मैलांत मी फक्त एकच हिशेब करत होते: गाडी सुटली तर दोरीचं दार किती लवकर उघडेल, आणि मूल बाहेर टाकायचं की छातीशी धरून बसायचं. एक ठरवायची, मग दुसरं ठरवायची. संघपालनं माझ्या मंगळसूत्राशी खेळून खेळून तिथंच मान टाकली होती.

उतार सुरू होतो तिथं सटवाजी भाऊजींनी गाडी थांबवायला लावली. वरून धरणाचं पाणी दिसतं म्हणाले. गाडी थांबली ती चार वेळा पायडल दाबून, आणि मनात होतं त्याच्या बरीच पुढं जाऊन. भाऊजी उतरून कडेला गेले. मी दाराची दोरी सोडली आणि मुलासकट खाली उतरले. रस्त्याकडेचा एक धोंडा एका हातानं ओढत आणला, पुढच्या चाकाखाली पायानं सारला.

"काय करायलीस?" ह्यांनी खिडकीतून डोकं काढलं.

"मी पायी येते. बाळाला घेऊन."

"दोन मैल? ह्या उन्हात?"

"हो."

आत्याबाईंनी आतूनच हात पुढं केले. "तुला जायचं तर जा पायी. पोरीला कॉलेजात धाडलं की असं व्हतं. लेकराला कामून उन्हात भाजती? दी मज्याकडं. आमी पुडं जातो."

मी दोन पावलं मागं सरकले.

"दी म्हणलं ना."

"नाही देणार, आत्याबाई."

लग्नाला तीन वर्षं झाली होती, एवढं सरळ उत्तर मी त्यांना कधी दिलं नव्हतं. सटवाजी भाऊजी परत आले होते. तंबाखूची पुडी हातात तशीच राहिली. ह्यांच्या कानशिलाची शीर मला दिसत होती.

"लोकांपुढं तमाशा करू नको. गाडीत बस."

"एकदा दाबून दाखवा," मी म्हटलं. "कालच्यासारखं नाही. गाडीपुढं संघपाल रांगत आलाय असं समजून दाबा. मग मी बसते."

"असलं अभद्र बोलू न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत नुसता राग होता. मग रागानंच, सगळा भार टाकून, त्यांनी पायडलवर पाय हाणला.

आवाज काहीच मोठा झाला नाही. मागच्या चाकाशी पिचकारी उडावी तसं काहीतरी झालं आणि रस्त्याच्या धुळीत तेलाचा फराटा उमटला. पट्टी सुतळीसकट खाली लोंबायला लागली. ह्यांचा गुडघा खाली गेला तो गेलाच. गाडी एक वीतभर पुढं आली, धोंड्यावर चढायला लागली. आत आत्याबाई होत्या.

"गिअर," सटवाजी भाऊजी म्हणाले, "मुंजाजी, गिअर टाक."

धोंडा चाकाखाली करकरला. ह्यांचा हात गिअरच्या दांड्यावर दोनदा घसरला. तिसऱ्यांदा खटकन आवाज झाला, गाडीनं गचका खाल्ला आणि थांबली. भाऊजींनी धावत जाऊन दुसरा धोंडा लावला, मग तिसरा.

आत्याबाई उतरल्या. दार त्यांना धड उघडता येईना, मीही पुढं झाले नाही. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून उताराकडं बघत राहिल्या. खाली एक बैलगाडी, मुंगीएवढी, वळण घेत होती. हे अजून सीटवरच होते. पाय पायडलवर, पायडल तळाला. चेहरा असा की कुणीतरी फसवलंय, पण कुणी ते कळत नाही.

"आमच्या रेल्वेत असं न्हाई होत," ते कुणालाच न बघता म्हणाले.

भाऊजी म्हणाले, "मी हितं थांबतो ह्याच्याजवळ. तुमी खाली जाऊन दत्तरावाला लावून द्या."

संघपाल रडत होता. मला ते आत्याबाई जवळ आल्यावर ऐकू आलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून त्याच्या दंडावरून सोडवली. गोऱ्या दंडावर चार लाल वळ होते.

"सोड आता," त्या म्हणाल्या. "अशी धरून चाललीस तर पडाल दोघंबी. मी पायीच हाय की."

मी त्याला दिला.

उताराला लागलो. पहिल्या वळणाला मी रस्ता सोडून कडेच्या चारीत उतरले. वर गाडी होती, गाडीत हे होते, आणि ह्यांना हात बांधून बसता येत नाही हे मला ठाऊक होतं. पयल्या गिअरमधी हळूहळू आणतो, असं ते आता भाऊजींना सांगत असतील.

"आणीत न्हाई त्यो," आत्याबाई म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. "दत्तराव आल्याबिगर आणीत न्हाई."

असं म्हणून त्याही लुगडं सावरत चारीत उतरल्या. दोघी काट्याकुट्यांतून चालत राहिलो. तिथून पुढं येलदरीपर्यंत, वरून वारा जरी सुटला तरी दोघींच्या माना एकदमच मागं वळत होत्या.