बोटीत एक कमी

गाइडने भोंगा तोंडाशी धरला आणि बेटावरच्या टेकडीकडे वळून पुन्हा हाक मारली.

"चिमणे! बोट निघाली गं!"

खडकांवरून त्याचाच आवाज परत आला. बोटीत कुणीतरी फिसकन हसलं. सकाळी डोंगरावर याच भोंग्यातून त्याने सगळ्यांना हसवलं होतं. जो उशीर करेल त्याला बेटावरच ठेवू, जावयासारखी बडदास्त ठेवू, म्हणाला होता. आणि आता त्याची स्वतःचीच लेक सापडत नव्हती.

"काय गाइडसाहेब, नियम फक्त आम्हालाच का?" पुढच्या बाकावरचे आजोबा म्हणाले.

"आलोच, आजोबा," म्हणत तो पळत सुटला.

आठवड्यातला रविवार तेवढा चिमणी त्याच्या वाट्याला यायची, आणि नेमकी रविवारीच सहलीला गर्दी. सुट्टी मागितली की नोकरी गेलीच म्हणून समजा. मग तो तिला सोबतच आणायचा. सकाळी डोंगर, दुपारी बेट आणि अंधाराच्या आत धक्क्यावर तिच्या आईच्या हवाली. मागच्या रविवारी उशीर झाला तेव्हा तिची आई भांडलीसुद्धा नाही. "आणखी एकदा असं झालं, तर रविवार विसरायचा," एवढंच म्हणाली. ती बोलते ते करते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक!

दीपगृहामागे ती नव्हती. बंद टपरीच्या आडोशाला नव्हती. खडकांवरून तो खाली पाण्यात डोकावला. देवा, होऊ दे उशीर, जाऊ दे रविवार, पण पोर असू दे.

ती उपड्या घातलेल्या एका जुन्या होडीखाली बसली होती. गुडघ्यांना मिठी मारून, चपला काढून शेजारी नीट ठेवून. त्याने दंडाला धरून तिला बाहेर ओढलं. हात उगारला गेला.

"बहिरी झालीस का? ओरडून ओरडून घसा बसला माझा!"

"ऐकलं मी."

"मग?"

"सगळे गेले असते ना, की तू माझ्याशी बोलला असतास."

उगारलेल्या हाताचं काय करावं ते त्याला कळेना. त्याने तिच्या केसांतली वाळू झटकली. कडेवर घ्यायचं तिचं वय राहिलं नव्हतं, तरी घेतलं.

बोट सुटली. बोटवाल्याने सवयीने भोंगा पुढे केला, तर गाइडने तो बाकाखाली सारला आणि तो चिमणीशेजारी बसला. उन्हं केव्हाच उतरली होती. वेळेत पोहोचायची आशा आता उरली नव्हती.

"बोल ना," ती म्हणाली.

त्याने घसा खाकरला. "तो डोंगर बघ, कसा घोरत पडलेल्या म्हाताऱ्यासारखा..."

"ते नको, बाबा. ते तू सगळ्यांना सांगतोस."

दिवसभर तोंडाचा पट्टा सोडणारा माणूस, पण त्याला एक शब्द सुचेल तर शपथ. धक्का दिसू लागला. कठड्याशी तिची आई उभी होती, पर्स छातीशी धरून.

"तुझ्या वर्गाच्या बाईंचं नाव काय गं?" त्याने घाईघाईने विचारलं.

"मागच्या रविवारी पण हेच विचारलंस," चिमणी म्हणाली. मग इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू यावं म्हणून तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा सांगितलं.